जवस ताटात हवे, गोळीच्या जागी नको

पनवेलच्या किराणा दुकानांत जवस पूर्वी मागून घ्यावे लागे. घेणारेही बहुधा ठरलेले असत. विदर्भ, खानदेश, मराठवाडा किंवा सोलापूरकडून नोकरीनिमित्त इकडे येऊन स्थिरावलेली ही कुटुंबे. आता तेच जवस दर्शनी फळीवर आले आहे. अख्खे, भाजलेले, काळे मीठ लावलेले, पूड केलेले, बडीशेपेत मिसळलेले असे त्याचे अनेक अवतार सुकामेव्याच्या दुकानांपासून मॉलपर्यंत दिसतात. नवीन पनवेल, कामोठे, खारघरच्या सोसायट्यांमध्ये सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या गप्पांत कोलेस्टेरॉल निघाले की पाठोपाठ जवस निघतेच.

एखादे साधे, स्वस्त, देशी धान्य पुन्हा लोकांच्या जेवणात येत असेल तर ती चांगलीच गोष्ट आहे. अडचण जवसाची नाही, त्याच्यासोबत येणाऱ्या दाव्यांची आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांनुसार रोज चमचाभर जवसाने रक्तदाब उतरतो, हृदयातल्या गुठळ्या विरघळतात, साखर ताब्यात येते, गुडघ्यात वंगण तयार होते आणि औषधांची गरज उरत नाही. यातल्या काही गोष्टींना थोडा आधार आहे, काहींना मुळीच नाही. शेवटची गोष्ट मात्र सरळसरळ घातक आहे. म्हणून जवसाने काय होते, किती होते आणि काय होत नाही, हे आकड्यांत समजून घ्यायला हवे.

कोकणच्या ताटातला पाहुणा

जवस म्हणजेच अळशी. संस्कृतात अतसी. शास्त्रीय नाव लायनम युझिटाटिसिमम. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच ‘अत्यंत उपयोगी’ असा. ते नाव सार्थ आहे. याच वनस्पतीच्या खोडापासून लिननचे कापड होते, बियांचे तेल रंग आणि वॉर्निशमध्ये जाते, तेल काढून उरलेली पेंड गुरांना घालतात. इंग्रजांच्या काळात मध्य प्रांतातले जवस मुंबई बंदरातून युरोपात जात असे. घरगुती उपचारांत गळवावर बांधायची अळशीची पोटीस आजही जुन्या माणसांना आठवते.

महाराष्ट्रात जवस खाण्याची सवय मुख्यतः घाटावरची आणि विदर्भातली. भाकरीबरोबर जवसाची चटणी, वर कच्च्या तेलाची धार, ही तिकडची रोजची गोष्ट. रायगडच्या स्वयंपाकघरात मात्र जवसाला फारशी जागा नव्हती. तांदूळ, नारळ, मासळी आणि थंडीतले वाल यांवर इथले जेवण उभे राहिले. त्यामुळे पनवेलच्या मूळ रहिवाशाकडे जवस आले ते बहुधा आजीकडून नव्हे, तर शेजाऱ्याकडून किंवा मोबाइलमधून. घाटावर ते चटणी म्हणून ताटात होते. इथे ते औषध म्हणून आले. गैरसमजाची सुरुवात याच फरकातून होते.

पोषणाच्या दृष्टीने जवस खरोखर समृद्ध आहे. १०० ग्रॅम जवसात साधारण १८ ग्रॅम प्रथिने, २६ ते २७ ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि ३५ ते ४२ ग्रॅम स्निग्धांश असतो. या स्निग्धांशाचा जवळपास निम्मा भाग अल्फा लिनोलेनिक आम्लाचा असतो. हेच वनस्पतींतले ओमेगा-३. शिवाय जवसात लिग्नान नावाची द्रव्ये इतर धान्यांच्या तुलनेत कितीतरी पटींनी जास्त असतात. एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम जवसाची पूड घेतली तर दीड ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ मिळते. प्रौढ स्त्रीची दिवसाची गरज १.१ ग्रॅम आणि पुरुषाची १.६ ग्रॅम धरली जाते. म्हणजे एका चमच्यात या घटकाची दिवसाची गरज जवळजवळ भागते.

संशोधनातले आकडे

जवस आणि रक्तदाब यांच्या संबंधात सर्वांत जास्त उल्लेख होतो तो कॅनडातल्या विनिपेग इथल्या अभ्यासाचा. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला बन, मफिन, पास्ता अशा पदार्थांतून रोज ३० ग्रॅम दळलेले जवस दिले. दुसऱ्याला तसेच दिसणारे पण जवस नसलेले पदार्थ. सहा महिन्यांनी जवस खाणाऱ्यांचा वरचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा सुमारे १० अंकांनी आणि खालचा सुमारे ७ अंकांनी कमी आढळला. आहारातल्या एका पदार्थाने इतका फरक पडणे विलक्षणच होते. जगभर जवसाचा बोलबाला झाला तो मुख्यतः यानंतर.

मात्र या निष्कर्षातले तीन तपशील फॉरवर्ड होणाऱ्या संदेशांत येत नाहीत. पहिला, मात्रा चमचाभर नव्हती. रोज ३० ग्रॅम, म्हणजे चार मोठे चमचे होती. दुसरा, हे रुग्ण एका विशिष्ट आजाराचे होते आणि संख्येने थोडे होते. तिसरा तपशील सर्वांत महत्त्वाचा. या रुग्णांची नेहमीची औषधे चालूच होती. जवस औषधाच्या जोडीला दिले होते, औषधाऐवजी नाही.

पुढे २०१५ मध्ये जवस आणि रक्तदाबावरच्या १५ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले. तेव्हा सरासरी घट वरच्या दाबात सुमारे २.८ आणि खालच्या दाबात सुमारे २.४ अंक इतकी निघाली. एकाच प्रयोगात दिसलेला मोठा परिणाम अनेक प्रयोग एकत्र केल्यावर लहान होतो, हे वैद्यकशास्त्रात वारंवार घडते. दोन-तीन अंकांचा फरक निरर्थक नाही. मोठ्या लोकसंख्येत वरचा दाब ५ अंकांनी कमी ठेवला तर हृदयविकार आणि पक्षाघातासारखे गंभीर प्रसंग साधारण १० टक्क्यांनी घटतात, असे २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात दिसले. पण ज्याचा दाब १७० आहे त्याला १६७ वर आणून कोणाचीही सुटका होत नाही.

कोलेस्टेरॉलचे चित्रही असेच आहे. २००९ मध्ये २८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. अख्ख्या बियांपासून केलेले जवस खाणाऱ्यांत वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, सरासरी ६ मिलिग्रॅमने कमी झाले. जवसाच्या तेलाने मात्र असा फरक पडला नाही. याचा अर्थ हे काम ओमेगा-३ पेक्षा बियांतले तंतू आणि लिग्नान करत असावेत. आता तुलना पाहा. एलडीएल १६० असलेल्या माणसाने १० मिलिग्रॅमची अॅटोरव्हास्टॅटिन गोळी नियमित घेतली तर ते साधारण ३५ ते ४० टक्क्यांनी, म्हणजे ५६ ते ६४ मिलिग्रॅमने उतरते. एका बाजूला ६, दुसऱ्या बाजूला ६०. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला आकडा आहारासाठी चांगला आहे. पण त्याने दुसऱ्याची जागा घेतली जात नाही.

दळायचे कशासाठी

जवसाचे बी गुळगुळीत, कडक कवचाचे असते. अख्खे बी नीट चावले गेले नाही तर आतड्यातून जसेच्या तसे बाहेर पडते. मुखवास म्हणून अख्खे जवस तोंडात टाकणाऱ्यांना तंतूंचा थोडा लाभ होतो, पण आतल्या ओमेगा-३ आणि लिग्नानचा बराचसा भाग हाती लागत नाही. म्हणून जवस दळून खावे.

मात्र दळले की दुसरा प्रश्न उभा राहतो. जवसाचे तेल रंगात वापरतात, कारण हवेचा संपर्क येताच त्याचे ऑक्सिडेशन होऊन ते सुकते आणि त्याचा घट्ट थर बनतो. हाच गुण खाण्याच्या बाबतीत दोष ठरतो. दळलेल्या जवसातले तेल हवेत उघडे पडते आणि पूड खवट होऊ लागते. पनवेलच्या दमट हवेत तर लवकरच. त्यामुळे महिन्याभराची पूड एकदम करून ओट्यावर ठेवण्यात अर्थ नाही. आठवड्यापुरतेच दळावे, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे आणि डबा फ्रिजमध्ये ठेवावा. अख्खे जवस मात्र कोरड्या डब्यात काही महिने चांगले राहते. दुकानात मिळणारी तयार पूड कधी दळली आहे हे पाकिटावर पाहावे. वास कडवट किंवा रंगासारखा येत असेल तर ती सरळ टाकून द्यावी.

दळण्याआधी भाजावे का, असेही विचारले जाते. मंद आचेवर, तडतड सुरू होईपर्यंत भाजल्याने ओमेगा-३ चे फारसे नुकसान होत नाही. शिवाय कच्च्या जवसात अल्प प्रमाणात सायनाइड तयार करू शकणारी द्रव्ये असतात. भाजल्याने ती घटतात. चमचा-दोन चमच्यांत त्यांचा धोका नगण्य असला तरी वाटीभर कच्चे जवस खाणे शहाणपणाचे नाही. भाजून, कुटून, लसूण-तिखट घालून चटणी करण्याची घाटावरची जुनी रीत या बाबतीत शास्त्राशी चांगलीच जुळते. जवस काळे पडेपर्यंत भाजणे किंवा जवसाच्या तेलात तळणे मात्र टाळावे.

बांगडा आणि जवस

ओमेगा-३ म्हटले की जवस आणि मासळी यांना एकाच पंक्तीत बसवले जाते. दोघांत फरक आहे. हृदयाच्या दृष्टीने ज्यांचा सर्वाधिक अभ्यास झाला ती ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ आम्ले तेलकट मासळीतून थेट मिळतात. जवसात ती नसतात. जवसातल्या अल्फा लिनोलेनिक आम्लापासून शरीर ती तयार करते, पण फार कमी प्रमाणात. ईपीएमध्ये साधारण ५ ते १० टक्केच रूपांतर होते, डीएचएमध्ये तर एक टक्क्याहूनही कमी. तरुण स्त्रियांमध्ये हे प्रमाण काहीसे बरे असते, एवढेच.

त्यामुळे पनवेलच्या मासळी बाजारातून आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली नेणाऱ्या घराने जवसाच्या कॅप्सूलसाठी वेगळे पैसे खर्च करण्याचे कारण नाही. ही मासळी पापलेट-सुरमईपेक्षा स्वस्त आहे आणि ओमेगा-३ च्या बाबतीत कमी तर मुळीच नाही. अट एकच, दरवेळी ती खोल तेलात तळू नये. कालवण किंवा तव्यावर थोड्या तेलात केलेली बरी. जवसाचा खरा उपयोग आहे तो शाकाहारी कुटुंबांना. पनवेल परिसरात अशी कुटुंबे खूप आहेत, आणि एरवी मासे खाणाऱ्या अनेक घरांतही श्रावणात, मार्गशीर्षात मासळी बंद असते. अक्रोड महाग आहे. जवस त्याच्या कितीतरी कमी किमतीत ओमेगा-३ देते.

तंतुमय पदार्थांबाबतही हेच. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू पोटात जायला हवेत. पहाटेची लोकल पकडून मुंबईला जाणारा, स्टेशनवर वडापाव आणि ऑफिसात चहा-बिस्किटांवर दिवस काढणारा माणूस याच्या जवळपासही पोहोचत नाही. जवसाच्या एका चमच्यातून सुमारे २ ग्रॅम तंतू मिळतात. त्याने बद्धकोष्ठ कमी होण्यास मदत होते, हे खरेच. पण उरलेले तंतू डाळ, उसळ, पालेभाजी, फळे आणि भाकरीतूनच यायचे आहेत. दिवसभर मैदा खाऊन रात्री चमचाभर जवस घेणे म्हणजे फुटक्या माठाला एका बाजूने लिंपण्यासारखे आहे.

नसलेले गुण

जवस भिजवले की बुळबुळीत होते. त्यावरून ते गुडघ्यात वंगण तयार करते, असा समज पसरला आहे. हा बुळबुळीतपणा म्हणजे बियांच्या सालीतला विद्राव्य तंतू. तो आतड्यातच राहतो, मलाबरोबर बाहेर पडतो, रक्तात शोषला जात नाही. मग गुडघ्यापर्यंत जाणार कसा? झिजलेल्या गुडघ्याला वजन कमी करणे आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम यांचा जेवढा उपयोग होतो, तेवढा कोणत्याही बियांचा होत नाही.

रक्तवाहिनीत साचलेला थर जवसाने विरघळतो, याला पुरावा नाही. रक्तातली साखर काहीशी उतरल्याचे काही लहान अभ्यासांत दिसले आहे, पण मधुमेहाचे औषध म्हणता येईल इतका तो परिणाम नाही. वजनाबाबत तर गणित उलटेही जाऊ शकते. दोन मोठे चमचे जवसात सुमारे ७५ कॅलरी असतात. नेहमीचे जेवण तसेच ठेवून वर जवस खाल्ले तर वजन वाढेल, घटणार नाही. लिग्नानची रचना स्त्री-संप्रेरकाशी मिळतीजुळती असल्याने स्तनाच्या कर्करोगाविषयी उलटसुलट दावे होतात. आहारातल्या प्रमाणात जवस खाल्ल्याने धोका वाढल्याचे दिसलेले नाही, पण ते उपचारही नाही. असे उपचार चालू असलेल्यांनी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.

आयुर्वेदाचा दाखला देताना अर्धेच सांगितले जाते. १८७२ पासून धूतपापेश्वरच्या औषधनिर्मितीमुळे पनवेलचे नाव आयुर्वेदाशी जोडलेले आहे, त्यामुळे इथल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. अतसीचे गुण सांगणाऱ्या ग्रंथांनी ती उष्ण आणि पचायला जड असल्याचेही नोंदवले आहे. सर्वांनी, सर्व ऋतूंत, हवी तेवढी खावी, असे त्या परंपरेनेही म्हटलेले नाही.

खरा धोका गोळी बंद करण्याचा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार देशातल्या प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब, ११.४ टक्के लोकांना मधुमेह आणि २४ टक्के लोकांचे एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले आहे. शहरांत हे प्रमाण खेड्यांपेक्षा जास्त आहे, आणि पनवेल झपाट्याने शहर होत गेलेला भाग आहे. २०१६ मध्ये इथे रायगड जिल्ह्यातली पहिली महानगरपालिका झाली. बसून करायच्या नोकऱ्या, लांबचा प्रवास, अपुरी झोप आणि बाहेरचे खाणे हे सगळे त्याबरोबर आले.

या आजारांची गोम अशी की ते दुखत नाहीत. दाब १६० असलेला माणूस नेहमीसारखा कामावर जातो. गोळी घेतली तरी त्याला काही जाणवत नाही, सोडली तरी लगेच काही जाणवत नाही. अशा वेळी ‘नैसर्गिक’ म्हणून जवस सुरू होते, एखाद्या दिवशी मोजलेला दाब १३० येतो, आणि श्रेय जवसाला जाते. वास्तविक तो दाब गोळीमुळे उतरलेला असतो. गोळी बंद होते. रक्तदाबाच्या बहुतेक गोळ्यांचा परिणाम काही दिवसांत ते आठवड्यांत ओसरतो. स्टॅटिन बंद केल्यावर एलडीएलही काही आठवड्यांत पूर्वपदावर येते. त्यानंतर जे होते ते कधी पहाटे हात-पाय लुळे पडण्याच्या रूपात, तर कधी छातीत कळ येण्याच्या रूपात समोर येते. तेव्हा जवसाचे नाव कोणी काढत नाही.

यातही तीन प्रकारचे रुग्ण जास्त जोखमीत असतात. ज्यांच्या हृदयात स्टेंट बसवली आहे, त्यांनी ‘जवसानेही रक्त पातळ होते’ असे ऐकून अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल थांबवले तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि ती जिवावर बेतते. ज्यांना एकदा पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्यांच्यासाठी स्टॅटिन ही केवळ कोलेस्टेरॉलची गोळी नसते. अहवालातला आकडा चांगला आला तरी ती चालू ठेवायची असते. आणि बीटा ब्लॉकर गटातली गोळी घेणाऱ्यांनी ती अचानक सोडली तर नाडीचा वेग आणि दाब उसळू शकतो.

इथे पैशाचाही एक विरोधाभास आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. ३० वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब आणि मधुमेहासाठी तपासणी हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग आहे. म्हणजे ज्या गोळीचा परिणाम सिद्ध आहे, ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळू शकते. आणि जिचा परिणाम दोन-तीन अंकांचा आहे, त्या पुडीसाठी खिशातून पैसे जातात. मोफत गोळीसाठी रांगेत अर्धा दिवस मोडतो, रोजंदारी बुडते, कधी औषध संपलेले असते, डॉक्टरांकडे बोलायला दोन मिनिटेही नसतात. पुडी मात्र घराखालच्या दुकानात मिळते आणि दुकानदार सविस्तर समजावून सांगतो. लोक गोळीकडून पुडीकडे जातात त्याला अज्ञान हे एकच कारण नाही. ही गैरसोयही आहे. ती दूर करण्याची जबाबदारी आरोग्य यंत्रणेची आहे. एका खेपेला महिना-दोन महिन्यांची औषधे हातात देणे, घराजवळच्या आरोग्य केंद्रात ती मिळणे आणि ‘ही गोळी कायम का घ्यायची’ हे कोणीतरी मराठीत नीट सांगणे, एवढ्यानेही बरेच रुग्ण उपचारांत टिकतील.

जाहिरातींबाबत कायदा जुनाच आहे. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना त्याने मनाई केली आहे. पण हा कायदा वर्तमानपत्रे आणि भिंतींच्या काळातला. कुटुंबाच्या ग्रुपवर आलेल्या संदेशाला तो पुरा पडत नाही. तिथे चाळणी लावायची ती वाचणाऱ्यानेच.

किती, कसे आणि कोणी जपून

सुरुवात एका लहान चमच्याने करावी. पोट फुगत नसेल तर आठ-दहा दिवसांनी एक मोठा चमचा, आणि पुढे हवे तर दोन. सर्वसाधारण माणसाला यापेक्षा जास्त गरज नाही. पूड भाकरी-पोळीच्या पिठात, ताकात, दह्यात, कोशिंबिरीत किंवा भाजीवर घालता येते. तिच्याबरोबर भरपूर पाणी प्यावे. जवस पाणी शोषून फुगते. पाणी कमी पडले तर बद्धकोष्ठ कमी होण्याऐवजी वाढते.

चटणी खाणाऱ्यांनी मिठाकडे लक्ष द्यावे. दिवसभरात सगळे मिळून ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे. रक्तदाबासाठी जवस खायचे आणि चटणीत मूठभर मीठ घालायचे, तर एका हाताने कमावलेले दुसऱ्या हाताने जाते. खारवलेल्या भाजक्या जवसाचेही तेच. काळे मीठ हेही मीठच. चटणीत लसूण, जिरे, तिखट, थोडे आमसूल किंवा लिंबू घालून मीठ निम्म्यावर आणता येते.

जवस आणि कोणतीही गोळी यांत किमान दोन तासांचे अंतर असावे, कारण तंतूंमुळे औषधाचे शोषण कमी होऊ शकते. थायरॉइडची सकाळची गोळी घेणाऱ्यांनी हे विशेष पाळावे. वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी रोज जवस सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. आतडे अरुंद झालेले, आतड्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेले किंवा गिळायला त्रास होणारे रुग्ण यांनी जवस टाळावे. गरोदर स्त्रियांनी जेवणातली चमचाभर चटणी खायला हरकत नाही. मोठी मात्रा किंवा कॅप्सूल स्वतःच्या मनाने घेऊ नये.

औषधे चालू असलेल्यांसाठी नियम सोपा आहे. गोळ्या जशाच्या तशा चालू ठेवून जवस, कमी मीठ आणि रोजचे चालणे तीन महिने करावे. दाब ठरावीक वेळी मोजून वहीत लिहावा आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. दाब खरेच सातत्याने कमी राहिला तर गोळीची मात्रा डॉक्टर कमी करतील. निर्णय वहीतल्या आकड्यांवर व्हावा, कोणाच्या सांगण्यावर नव्हे.

शहरात मागणी, शेतात माघार

शहरांत जवसाचे कौतुक वाढत असताना महाराष्ट्राच्या शेतातून ते मागे हटत गेले. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदिया-चंद्रपूर भागात, उभ्या धानाच्या ओलीवर कापणीपूर्वीच जवस फेकून पेरायची उतेरा पद्धत आहे. वेगळी नांगरट नाही, पाणी नाही, खर्च नाममात्र; पण उत्पन्नही थोडे. केंद्र सरकार ज्या तेलबियांना किमान हमीभाव जाहीर करते त्यांत भुईमूग, सोयाबीन, मोहरी, तीळ, सूर्यफूल, करडई, कारळे आहेत, जवस नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या १०,१०३ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय तेलबिया अभियानाचा भरही मोहरी, भुईमूग, सोयाबीन, सूर्यफूल आणि तीळ यांवर आहे. खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आयात करणाऱ्या देशात, धानानंतर पडीक राहणाऱ्या जमिनीत येणाऱ्या पिकाकडे इतके दुर्लक्ष परवडणारे नाही.

नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसाच्या वाणांवर अनेक वर्षे काम चालू आहे. पनवेलपासून फार दूर नसलेल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने टीएल-९९ हे वाण तयार केले. त्याच्या तेलात अल्फा लिनोलेनिक आम्ल ५ टक्क्यांहूनही कमी आहे. उद्देश स्पष्ट आहे: तेल खवट होऊ नये, स्वयंपाकात टिकावे. शेतकऱ्याला आणि तेल उद्योगाला ते सोयीचे. पण ओमेगा-३ साठी जवस घेणाऱ्याच्या ते कामाचे नाही. पाकिटावर वाणाचे नाव सहसा नसते. पुढे अशी वाणे बाजारात रुळली तर ‘जवस म्हणजे ओमेगा-३’ हे समीकरण सरसकट लावता येणार नाही, आणि पाकिटावर वाण व ओमेगा-३ चे प्रमाण छापण्याचा आग्रह ग्राहकांनाच धरावा लागेल.

रायगडमध्ये भातानंतरच्या ओलीवर वाल घेतात. तेच वाल, नाचणी, बांगडा, तारली, आमसूल आणि आता त्यात चमचाभर जवसाची चटणी, असे ताट पनवेलकराला परवडणारे आहे आणि हृदयाला मानवणारेही. ते रोज खावे, आवडीने खावे. आणि जेवण झाल्यावर गोळीची वेळ असेल तर ती चुकवू नये.